दत्तोपंतांची पोच

दत्तोपंत गेले त्याला दहा महिने उलटले होते, पण कामात त्यांची कुचराई म्हणून नव्हती. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये कुठलाही अलर्ट सुटला, की विसाव्या सेकंदाच्या आत त्यांची पोच यायची. हयात माणसांना हेच काम करायला सरासरी चाळीस मिनिटं लागत.

हे स्वरूपाच्या लक्षात आलं, ती कामावर लागून सहा आठवडे झाल्यावर. स्वरूपा मूळची कऱ्हाटीची, वय पंचवीस, इंदापुरात लीलामावशीकडं राहायची. दत्तोपंतांच्याच खुर्चीवर तिला बसवलं होतं. काम तसं सोपं. कंपनीच्या चौदा सर्व्हरवर लक्ष ठेवणारं एक सॉफ्टवेअर होतं. त्या सॉफ्टवेअरवर लक्ष ठेवायचं. सर्व्हर बंद पडला, डिस्क भरली, की सॉफ्टवेअर यादीतल्या माणसांना एकामागून एक फोन लावायचं. कुणीतरी फोन उचलून एक दाबला, की पोच मिळाली असं समजून ते गप्प बसायचं.

त्याला दत्तोपंतांनी स्वतः लिहिलेली एक जादा स्क्रिप्ट जोडलेली होती. ती अमोनियाच्या कॉम्प्रेसरचं प्रेशर दर मिनिटाला वाचायची. सोळाच्या वर गेलं की अलर्ट.

सगळं कोल्ड स्टोरेज अमोनियावर थंड राहायचं. अमोनिया पाइपात असेपर्यंत गुणाचा. पाइप फुटला तर माणसाला दोन-तीन श्वास मिळतात, असं प्लांटमधल्या बोर्डावर एका हसऱ्या चेहऱ्याच्या चित्राशेजारी लिहिलं होतं. आणि कॉम्प्रेसरच्या भिंतीपलीकडं चाळीस बायका डाळिंबं निवडत बसायच्या. लीलामावशी त्यांतलीच एक.

लॉगमध्ये मार्चपासून रोज दुपारी तीच ओळ होती. प्रेशर सोळा पूर्णांक तीन. पोच : दत्तोपंत. अठरा सेकंद. एप्रिल लागला तसा आकडा वाढत गेला. सोळा पाच. सोळा नऊ. पोच मात्र जिथल्या तिथं.

स्वरूपाला वाटलं, सॉफ्टवेअरला भास होतायत. तिनं मुद्दाम एक खोटा अलर्ट सोडला आणि मनातल्या मनात आकडे मोजत बसली. सतराव्याला पडद्यावर उमटलं : पोच, दत्तोपंत.

तिनं हातातला चहाचा कप अगदी हळू खाली ठेवला. खुर्ची सोडून ती स्टुलावर जाऊन बसली. मग स्वतःच्या मोबाईलवरून तोच नंबर चार वेळा लावला. चारही वेळा रिंग जात राहिली, कुणी उचललं नाही. कंपनीच्या फोनला सतरा सेकंदांत हजर होणारे दत्तोपंत अनोळखी नंबर घेत नव्हते.

मॅनेजर विजयसिंह म्हणजे लग्नपत्रिकेवर नावं कुठल्या क्रमानं घालावीत, यातला तालुक्यातला शेवटचा शब्द. अलर्टची यादीही त्यानंच लावलेली.

"सर, पंतांचा नंबर यादीतून काढायचाय."

"वर्ष झालं का?"

"नाही."

"मग? वर्षाच्या आत नाव काढलेलं बरं दिसत नाही. आणि पहिला मान पंतांचा, दुसरा चेअरमन अप्पांचा. पंतांना काढलं की पहिला फोन अप्पांना जाणार. भर दुपारी! तू उठवणार त्यांना झोपेतून?"

"पण सर, ते वारलेत."

"त्यांच्या कामाबद्दल काही तक्रार आलीये का?"

तक्रार नव्हती, हे खरंच होतं. यादीत नऊ नावं होती. नवव्या नंबरला रामहरीतात्या, कॉम्प्रेसरचे ऑपरेटर. ते कॉम्प्रेसरपासून पाच फुटांवर बसायचे, म्हणून त्यांना सगळ्यात शेवटी कळवायचं ठरलं होतं.

स्वरूपा त्यांच्याकडं गेली. मशीनच्या घरघरीत तात्या तंबाखू मळत होते.

"तात्या, पंतांच्या नंबरावरनं पोच येतीय."

"मंग? येणारच की. पंत हायेत हितं."

"असं नका बोलू."

"आता खरं त्ये बोलायचं न्हाय व्हय? प्रेशर वर गेलं, की त्यास्नी फोन जातोय. त्यांनी उचलला, की गपगुमान बारावर येतंय. बगा की सोताच्या डोळ्यानं."

तात्यांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर आकडा होता : बारा पूर्णांक चार.

"आणि हे काय बांधलंय?"

कॉम्प्रेसरवरच्या प्रेशरच्या गोल गेजला लाल फडकं गुंडाळून पक्की गाठ मारली होती.

"त्यो काटा बिघडलाय. स्क्रीन म्हणती बारा, ह्यो म्हणतो सतरा. रोज बगून जीव वर-खाली व्हायचा. म्हणून झाकून टाकला."

"साहेबांना सांगितलं?"

"सांगितलं की. म्हणले, तात्या, कम्प्युटर खोटं बोलंल व्हय?"

स्वरूपा परत आली, पण तो बारा पूर्णांक चार तिच्या डोक्यातून जाईना. तिनं आठवडाभराचा आलेख काढला. रोज दुपारी रेघ चढत जायची, पोच यायची, की रेघ धपकन खाली; आणि तिथून पुढं बारा तास सरळ. जरासुद्धा न हलता. चालत्या मशीनचा आकडा थोडा तरी थरथरतो. अशी सरळ रेघ दवाखान्यात दिसली तर नातेवाईक टाहो फोडतात. इथं सगळे निर्धास्त होते.

रविवारी तिला सुट्टी होती, डाळिंबांना नव्हती. मावशी डबा घेऊन कामावर गेली आणि स्वरूपानं बारामतीची एसटी धरली. दत्तोपंत गेल्यावर त्यांच्या पत्नी यशोदाबाई कंपनीचं क्वार्टर सोडून बारामतीला राहायला गेल्या होत्या; पंतांचा फोन असलाच तर त्यांच्याकडंच असणार होता. गाडीत मांडीवर लॅपटॉप घेऊन तिनं ती स्क्रिप्ट उघडली. पंतांचं काम नेटकं होतं, मध्ये मध्ये शुद्ध मराठीत टिपा. पोच आल्यानंतर काय करायचं, त्या ओळींच्या वर लिहिलं होतं : 'मला कळले. आता इतरांना घोर नको.' आणि खाली आज्ञा होती, की पोच मिळाल्यावर बारा तास शेवटचा चांगला आकडा दाखवावा.

तिनं ती ओळ तीनदा वाचली.

यशोदाबाईंनी दार उघडलं. पंतांचा मोबाईल हातातच होता.

"स्वरूपा ना? ह्यांच्या जागेवर आलीस ती? बस. पन्हं घे."

"काकू, ऑफिसचा फोन येतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"एक दाबते."

"का?"

"का म्हणजे? फोनवरची ती बाई सांगते ना, एक दाबा म्हणून. हे आंघोळीला नाहीतर पूजेला असायचे. म्हणायचे, यशोदा, तू एक दाब, मी बघतो. मग ओल्या अंगानं प्लांटवर पळायचे. गार करायचं पाणी वाढवायचे, एक मशीन बंद करायचे, आणि घरी येऊन जेवायचे."

"आणि आता कोण बघतं, काकू?"

यशोदाबाईंना प्रश्नच कळला नाही.

"बघतात की कुणीतरी. परत वाजत नाही ना फोन."

दत्तोपंत जिवंत असेपर्यंत त्या स्क्रिप्टमध्ये एकही चूक नव्हती. ते गेले गेल्या जूनमध्ये, उन्हाळा सरताना. पावसाळा निघाला, थंडी निघाली. त्यांच्याविना हा पहिलाच उन्हाळा होता, आणि रोज दुपारी एक बाई बारामतीत बसून चाळीस बायकांचा काटा झाकत होती.

तेवढ्यात फोन वाजला. यशोदाबाईंनी सवयीनं उचलला. स्पीकरवर यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "कॉम्प्रेसर प्रेशर अठरा पूर्णांक दोन. समजले असल्यास..."

"दाबू नका!"

अंगठा दाबून मोकळा झाला होता. "अगं, आधी सांगायचंस."

स्वरूपानं तात्यांना फोन लावला. "तात्या, प्रेशर बघा."

"बारा पूर्णांक चार."

"स्क्रीन नाही! फडकं सोडा."

"ताई, त्यो काटा खोटा..."

"तात्या, पाया पडते, सोडा!"

घरघरीत गाठ सोडायला वेळ लागला. पक्की मारली होती.

"तात्या?"

"काटा पार कडंला टेकलाय," तात्या बारीक आवाजात म्हणाले. "आन् पाइपाच्या जोडातनं फुसफुस व्हतंय."

"आधी बायकांना बाहेर काढा. वारं जिकडून येतंय, तिकडं तोंड करून चालायला सांगा. पळा!"

फोन कट झाला. पन्ह्याचा पेला तसाच राहिला. यशोदाबाई म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी..." स्वरूपानं त्यांचा हात धरला.

सहा मिनिटांनी अनोळखी नंबरावरून फोन आला. वॉचमनचा मोबाईल, आवाज मावशीचा.

"सरूप, आमी समद्या भाईर हाय. डोळं निसतं चुरचुरायलेत. ती पारूबाई म्हणत व्हती, क्रेट भरून येते. म्हटलं, तुजं मढं भरंल त्येच्यात! वढून काढली."

"सगळ्या आहेत ना? मोजल्यास?"

"चाळीस. पर रामहरी न्हाय. मेन स्विच पाडाया परत आत गेलाय. त्येच गेजचं फडकं भिजवून तोंडाला बांधलंय येड्यानं. आत समदं पांढरं झालंय, सरूप. दार बी दिसंना."

"फोन ठेवू नकोस, मावशी."

"न्हाय ठेवत."

मावशीच्या मागं बायका खोकत होत्या, कुणीतरी देवाचं नाव घेत होतं. यशोदाबाईंनी पंतांचा मोबाईल समोर टेबलावर ठेवला आणि त्यापासून खुर्ची जरा मागं सरकवली.

तो वाजला. बॅटरीवर चाललेला सर्व्हर अजून शुद्धीवर होता. स्वरूपानं बोटानंच तो स्पीकरवर घेतला.

"कॉम्प्रेसर एक बंद. कॉम्प्रेसर दोन बंद. समजले असल्यास एक दाबा."

"पाडला," स्वरूपा म्हणाली. "मावशी, मेन पाडला त्यांनी! दिसतायत का?"

"न्हाय गं."

"नीट बघ."

"कॉम्प्रेसर एक बंद," बाई पुन्हा सांगू लागली. यशोदाबाईंचा अंगठा आपोआप पुढं आला आणि हवेतच थांबला.

"दाबू?"

"नाही, काकू."

"आला!" मावशी किंचाळली. "आला गं! भिंतीला धरून येतोय. ए, पाणी आना! डोळ्यावर वता त्येच्या, वता!"

टेबलावरच्या बाईनं तिसऱ्यांदा सांगितलं, कुणी काहीच दाबलं नाही. मग ती फोन ठेवून चेअरमन अप्पांना उठवायला गेली.