खांद्याएवढा दगड

मी दगड बोलतोय, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण सुरुवातच खोट्याने नको. मी सिमेंटचा आहे. सिमेंट, ऊर्जानगरच्या वीज केंद्राची राख, आत लोखंडी सळ्या आणि जाळी. वरून रंग असा चढवलाय की चांगले शिकलेले लोकही टिचकी मारल्याशिवाय मला ओळखत नाहीत. टिचकी मारली की मी पोकळ वाजतो आणि त्यांचं तोंड उतरतं.

चंद्रपूरहून ऊर्जानगरला जाताना एक बाग लागते. हजारो वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी दगड कसे उभारले, ते तिथं दाखवलंय. खरे दगड लांब शेतात, जंगलात पडलेत. कुणी पाहायला जात नाही, आणि जातात ते त्यांवर बदाम काढून येतात. म्हणून आम्ही नकला. आम्हाला हात लावा, मिठी मारा, अस्सल दगड शाबूत राहतील. विचार चांगला आहे, माझी काही तक्रार नाही.

माझ्या शेजारी चार उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवलेलं दगडी घर आहे, अर्थात सिमेंटचंच. लोक त्याला पांडवांची चूल म्हणतात. रीना, म्हणजे बाग दाखवणारी मुलगी, दिवसातून दहा वेळा सांगते की ते थडगं आहे. ऐकून लोक मान हलवतात आणि मुलांना सांगतात, "चाल, चुलीपाशी फोटू काढू."

मला घडवलं अजयने. तो चंद्रपूरचा मूर्तिकार. गणपती, दुर्गा करून करून हात बसलेला. त्याला कुणीतरी सांगितलं की एटापल्लीकडे एका गावाच्या वाटेवर उभ्या दगडांची रांग आहे. तो मे महिन्यात तिकडे गेला. गावात चिटपाखरू नव्हतं. दारं ओढलेली, कोंबड्या तेवढ्या फिरत होत्या. अजयने तासभर वाट पाहिली आणि मनाशी ठरवलं की या दगडांना कुणी वाली नाही. रांगेतला शेवटचा दगड त्याला आवडला. उंची बेताची, डोकं एका बाजूला किंचित कललेलं, जणू कुणी कान देऊन ऐकतोय. त्याने रबराचा साचा घेतला आणि दुपारच्या आत निघालासुद्धा.

त्या साच्यातून मी झालो. माझ्यापुढे पाटी लागली: 'स्मारकशिळा. काळ सुमारे अडीच हजार वर्षे. कोणाच्या स्मरणार्थ: अज्ञात.' खरं सांगू? मला ते भारी वाटायचं. जन्म होऊन महिना झाला नाही आणि वय अडीच हजार. शाळेच्या सहली यायच्या, मुलं माझ्या डोक्यावर टोप्या घालायची. एका बाईंनी तर कुंकू लावून नारळ फोडला. मी फुगून गेलो होतो.

तीन वर्षं अशी गेली. मग थंडीत एका सकाळी बचत गटाच्या बायका आल्या. मोहफुलाचे लाडू करायचं प्रशिक्षण घ्यायला गडचिरोलीच्या गावांतून चंद्रपूरला आणलेल्या, परतायच्या आधी त्यांना बाग दाखवत होते. रीना बोलत होती. घोळक्यातली एक म्हातारी मात्र ऐकत नव्हती. ती सरळ माझ्यापाशी आली, माझ्या कललेल्या डोक्यावर हात ठेवला आणि पाठीमागची खाच चाचपली. दगड ओढून आणताना दोराने घासलेली ती खाच. अजयने तीही साच्यात उचलली होती.

"हा वारलू हाय," ती म्हणाली.

रीना हसली. "नाई बाई, हा लय जुना हाय. कोनाचा हाय ते मालूम नाई."

"मले मालूम हाय ना. माह्या नवऱ्याचा हाय. अकरा सालं झाले. आमीच ओढून आनला पहाडावून."

त्या मंगलीबाई. एटापल्लीकडच्या त्याच गावातल्या, माडिया आदिवासी. त्यांच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात, आजही. आणि गेलेला माणूस समाधानी असेल तर दगड वाढतो, असं ते मानतात. मंगलीबाई दर वर्षी पंडुमाला, म्हणजे सणाला, दगडाला पाठ लावून उभ्या राहत आणि तो कुठवर आला ते बघत.

माझ्याशीही त्या पाठ लावून उभ्या राहिल्या. हात मागे नेऊन माझं डोकं शोधलं. ते त्यांच्या खांद्याशी होतं.

"तिथी कानाले लागून राह्यला," त्या हळूच म्हणाल्या. "इथी खांद्यावरच थांबला. काऊन थांबला? याले इथी बरं नाई लागत का?"

माझा सगळा फुगा त्या एका प्रश्नाने फुटला.

रीनाने अजयला फोन केला. तो मोटारसायकलवर धावत आला. येतानाच त्याचा चेहरा पडला होता, कारण अलीकडचा दगड अडीच हजार वर्षांचा म्हणून उभा केला, हे बाहेर गेलं तर बाग चालवणारे त्याला पुन्हा दारात उभं करणार नव्हते. तरी त्याने लपवलं नाही. म्हणाला, "चूक माही हाय, बाई. पन हा सिमिटचा हाय. सिमिट वाढत नाई."

"सिमिट हाय ते दिसते मले. पन रूप त्याचंच हाय ना, भाऊ? त्याले इचारलं का तुमी?"

"गावात कोनीच नव्हतं."

"पत्त्याचे दिवस होते. सारे तेंदूपत्ता तोडाले गेलो होतो. सांजले येतो ना घरी. सांजेलोक थांबाले पायजे होतं."

अजय म्हणाला, "फोडून टाकतो मी याले. आजच."

मी काय सांगू त्या क्षणाचं? सिमेंटलाही भीती वाटते. मंगलीबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "फोडू नका. एकदा मेला तेवढं पुरे. गावाले या, त्याले इचारा, मंग ठेवा."

अजय गेला. गडचिरोलीपर्यंत एसटी, तिथून एटापल्ली, पुढे मिळेल ते. या वेळी गावातली माणसं रानातून परत येईपर्यंत थांबला, दोन दिवस राहिला. खऱ्या दगडापुढे तांदूळ ठेवले, मोहाच्या दारूची धार सोडली आणि माझ्याबद्दल सगळं सांगितलं, हे मला त्यानेच परत आल्यावर सांगितलं. येताना त्या दगडाच्या पायाची, मंगलीबाईंनी होकार म्हणून दिलेली ओंजळभर माती आणली होती. ती माझ्या पायाशी घातली.

मग त्याने बाग चालवणाऱ्यांपुढे चूक कबूल केली. त्यांनी पुष्कळ ऐकवलं, पण पाटी बदलली. आता तिथं लिहिलंय: 'वारलू यांच्या दगडाची प्रतिकृती. घरच्यांच्या परवानगीने. ही रीत अडीच हजार वर्षांहून जुनी आहे आणि अजून चालू आहे.'

मला वाटलं होतं, आता मला कोण विचारतो. पण उलटंच झालं. पूर्वी लोक 'अज्ञात' वाचून पुढे सरकायचे. आता थांबतात. वारलू कोण होता, काय करायचा, विचारतात. रीना सांगते की तो ढोल छान वाजवायचा आणि हिशोबात नेहमी फसायचा. लोक हसतात, मग माझ्यावर हात ठेवतात. टिचकी फारसं कुणी मारत नाही.

यालाही पाच वर्षं झाली. माझा रंग उडालाय, एका बाजूने सळई डोकावतेय. मागच्या महिन्यात मंगलीबाई आल्या, नातीला, दिव्यानीला घेऊन. काठी टेकत, कमरेत वाकलेल्या. माझ्याजवळ येऊन काठी बाजूला ठेवली, पाठ लावली, हात मागे नेला. माझं डोकं त्यांच्या कानाशी होतं.

"वाढला," त्या म्हणाल्या. "पाह्य दिव्यानी, इथीबी वाढला."

दिव्यानीने आजीच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो आजी," ती म्हणाली. "कानाले लागला."

जंगलातल्या माझ्या थोरल्या भावाचं मला माहीत नाही. तो मातीत रुजलाय, तो वाढतही असेल. मी माझ्यापुरतं सांगतो, मी तसूभरही वाढलेलो नाही. पण त्या दिवशी मंगलीबाई ज्या चेहऱ्याने बसकडे गेल्या, तो पाहून मला पहिल्यांदा सिमेंटचा असल्याचं वाईट वाटलं नाही.

तुम्ही या बागेत आलात तर मला खुशाल हात लावा, पाटी वाचा, वारलूची चौकशी करा. एवढंच मागणं आहे, मंगलीबाई शेजारी उभ्या असतील तर खिशातून टेप काढू नका.