काशम्माची काळी पट्टी

त्या दिवशी सोलापूरच्या पूर्व भागातल्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. अठ्ठ्याहत्तर सालचा उन्हाळा, वर पत्रे, आणि तरी माणसं घाम पुसत टाचा उंचावून बघत होती. व्यासपीठावर यंत्रेश्वर महाराज. अंगात भगवी कफनी, मनगटावर परदेशी घड्याळ. चेल्याने हात वर करून कागद सोडला तसा तो घडीघडीने उलगडत पहिल्या रांगेतल्या बायकांच्या पायाशी आला. त्यावर वर सालं आणि महिने, खाली आडव्या पट्ट्या. काही फिक्या, काही काळ्या.

"ब्रह्मदेवानं कपाळावर लिहिलं, ते काँप्युटरनं कागदावर उतरवलं!" महाराज गरजले. "ज्योतिषी चुकेल, पंचांग चुकेल. यंत्राला माया नाही, मोह नाही! ह्या कागदाला मानवी हात लागलेला नाही!"

"लई पावरचं हाय," शेजारी उभे असलेले गिरणी कामगार कोंडीबा मला म्हणाले. "माजं लगीन, पोरीचा जन्म, गिरणीत लागलो ते साल. समदं बरोबर आलंय की!"

"अहो, हे सगळं आठ दिवसांपूर्वी तुम्हीच फॉर्मात भरून दिलं होतं ना?"

"व्हय. पर ते यंत्राला कसं कळलं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. पोरं मला तापट म्हणतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

पण त्या दिवशी राग आला तो काशम्मामुळे. ती माझी शेजारीण. तिचा नवरा मल्लय्या चादरीच्या नक्षीचे पुठ्ठ्याचे पत्ते तयार करतो. पत्त्यात भोक असेल तिथे मागावरचा दोरा उचलला जातो आणि चादरीवर मोर नाही तर फूल उमटतं. मल्लय्या भोकं पाडायचा, काशम्मा ते पत्ते दोरीत ओवायची. चार महिने तिला रक्तस्राव होत होता. गर्भाशयात गाठ होती. डॉक्टरांनी ऑपरेशनला शुक्रवारची तारीख दिली होती. आणि तिच्या कागदावर 'शस्त्रभय' या शब्दापुढे काळीकुट्ट पट्टी होती, चैत्रापासून थेट दिवाळीपर्यंत.

"ह्या काळात देहाला लोखंड लागलं तर मृत्यू," महाराजांनी सांगितलं. "शांती करा, मग बघू."

मल्लय्यानं दवाखान्याच्या कागदावर सही करायचं नाकारलं. डॉक्टर माझ्यासमोर त्याला म्हणाले, "अरे बाबा, दिवाळीपर्यंत तिच्या अंगात रक्त उरणार नाही!" मल्लय्यानं पेन तसंच परत ठेवलं.

"मल्लय्या, बायको मरेल तुझी!" मी ओरडलो.

"मास्तर, माणसानं सांगितलं असतं तर न्हाई ऐकलो असतो. हे मशीननं सांगितलंय."

काशम्मा खाटेवर पडून होती. चेहरा पांढराफटक. "भ्या वाटतंय मास्तर," एवढंच म्हणाली. मला त्या भगव्या भामट्याची मानगूट धरावीशी वाटली. त्याऐवजी मी पुण्याची गाडी धरली.

पुण्यात माझा एक मित्र तसल्याच यंत्रावर काम करतो. आकडेवारीच्या कामासाठी केलेली एक भाषा त्या यंत्राला कळते. पत्त्यांना भोकं पाडून त्या भाषेत हुकूम द्यायचा. एका पत्त्यावर एक पट्टी : नाव काय, कुठल्या महिन्यापासून, कुठल्या महिन्यापर्यंत, आणि कोणतं अक्षर छापायचं. ठिपका सांगितला तर पट्टी फिकी, एक्स सांगितला तर काळी. धरणाच्या कामाचं वेळापत्रक मित्र असंच काढतो. कधी खोदाई, कधी भराव, कधी दारं. पट्टी लांबवा, आखडा, रंग बदला. यंत्र हूं की चूं करत नाही. मी दोन तासांत माझे पत्ते तयार केले.

बुधवारी महाराजांचा दरबार पुन्हा भरला. मी सरळ व्यासपीठावर चढलो आणि माझा कागद सोडला. तसाच कागद, तशाच पट्ट्या.

"ऐका! ह्या गृहस्थाची आयुष्याची पट्टी गेल्या पौषात संपलेली आहे. माणूस वारला. पुढे राजयोगाची पट्टी आहे, ती ह्याच्या म्हशीची. नाव वाचतो : यंत्रेश्वर महाराज!"

मग मागून कोणीतरी खो खो हसलं.

"पाखंडी!" महाराज उठले. "पापी हातानं विचारलं म्हणून यंत्र खोटं बोललं!"

"म्हणजे कागदाला माणसाचा हात लागतो तर! परवा तर म्हणालात, लागत नाही!"

गर्दीतून मल्लय्या पुढे आला. त्याच्या खांद्याचा आधार घेऊन काशम्माही आली होती, शांती करायला. मी माझा एक पत्ता मल्लय्याच्या हातात दिला. त्यानं सवयीनं तो उजेडात धरला आणि भोकांवरून बोट फिरवलं.

"हे तर पत्तं हाय," तो हळूच म्हणाला. "मास्तर, ह्याची भोकं कुणी पाडली?"

"मी."

"आन काशम्माच्या कागदाची?"

मी महाराजांकडे बोट केलं. सगळं कार्यालय महाराजांकडे बघत होतं. बोलली ती काशम्मा. आवाज क्षीण होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"चादरीत फूल चुकलं तर मालक मागाला शिव्या देत न्हाई. पत्तं करणाऱ्याला देतो. काय वो महाराज, माज्या मरणाचं पत्तं तुमी केलं व्हय?"

महाराज चेल्याला "गाडी, गाडी" म्हणत मागच्या दारानं निघाले. कफनी दाराच्या कडीत अडकून टरकन फाटली. त्यांना पुढाऱ्यासारखे हार घालणाऱ्यांपैकी एकही सोडवायला गेला नाही.

मल्लय्यानं गुरुवारी सही केली. शुक्रवारी लोखंड लागलं, नारळाएवढी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर थांबला असतात तर माझ्या हातात काही उरलं नसतं. दिवाळीला काशम्मा आमच्या दारात करंज्यांचं ताट घेऊन उभी होती, आणि मी, एवढा तापट माणूस, चक्क रडलो.

महाराज आता बार्शीत आहेत, असं ऐकतो. तिथंही पाय ठेवायला जागा नसते म्हणे. बार्शीकरांनो, यंत्राला नमस्कार करू नका आणि त्याला घाबरूही नका. ते सांगितलेलं काम करतं. कोणी तुमच्यापुढे छापील नशीब धरलं, तर सोलापूरच्या त्या आजारी बाईनं विचारलं तेवढंच विचारा : हे पत्ते केले कुणी?