खालाची कार्डं

शिळ्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा चांगला जाड असतो. परतवाड्याजवळच्या आमच्या शाळेत माझ्या तिसरीच्या अठरा पोरांनी घराघरांतून त्या गोळा करून आणल्या. कोऱ्या बाजूवर भेंडीचे ठसे उमटवले, हळद कालवून पिवळा रंग केला, खडूने किनार आणि मधोमध खिचडीचं पातेलं काढलं. कार्डं होती नसीमबानोसाठी. ती शाळेत खिचडी शिजवते आणि सगळी पोरं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. वाफेने हात भाजला म्हणून ती चार दिवस घरी होती. "आत मनातलं लिहा," असं मीच पोरांना सांगितलं. शनिवारी शाळा सुटल्यावर ती कार्डं मी तिच्या घरी, अचलपूरला नेणार होते.

त्याच शनिवारी शाळा तपासायला येणाऱ्या शिक्षण खात्याच्या साहेबांची भेट ठरली. हार आणायचे राहिले होते, म्हणून आमच्या हेडमास्तर जानराव सरांनी मला न विचारता माझ्या कपाटातली अठराही कार्डं उचलली. प्रत्येकावर 'खालाला' लिहिलेल्या जागी खळ लावून 'मा. साहेबांचे स्वागत' अशी पट्टी चिकटवली. उघडून मात्र एकही पाहिलं नाही. खिचडीचं पातेलं आणि त्याच्या डोक्यावर साहेबांचं स्वागत! मी वर्गातून येईपर्यंत सगळी कार्डं साहेबांच्या हाती गेलीही होती.

साहेबांनी हसत हसत माझ्या वर्गातल्या हीनाचं कार्ड उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "खाला, तू माह्या डब्यात अफनानसाठी रोज खिचडी भरून देते. मी कोणाले सांगत नाई. लवकर बरी हो."

अफनान हीनाचा धाकटा भाऊ, तीन वर्षांचा. उरलेली खिचडी डब्यात देणं एवढाच खालाचा गुन्हा. पण साहेबांचं हसू मावळलं. शाळेचं अन्न बाहेर कसं जातं, असं त्यांनी विचारलं. चव पाहण्याच्या नावाखाली रोज दोन ताटं रिचवणारे आमचे सर लगेच म्हणाले, बाई तशीच आहे साहेब, मी कितीदा बजावलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कार्डं तुमची नाहीत, ती परत द्या, असं मी साहेबांना तोंडावर सांगितलं. तो आता पुरावा आहे, साहेब म्हणाले. अठराही कार्डं फाइलमध्ये गेली, आणि चौकशी होईपर्यंत खालाने शाळेत पाऊल टाकायचं नाही असा हुकूम निघाला.

संध्याकाळी रिकाम्या हाताने मी खालाकडे गेले. हाताला पट्टी बांधून ती दारातच बसली होती. सगळं ऐकून घेतलं.

"पोरीले रागावू नका, मॅडम," ती म्हणाली. "तिनं खरंच लिवलं."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी संताप आला.

सोमवारी मी पुन्हा पुठ्ठे वाटले. या वेळी कार्डं कपाटात ठेवणार नाही, हातोहात खालाला देईन, असं पोरांना बजावून सांगितलं. पोरांनी मन लावून भेंडीचे ठसे उमटवले, झकास रंगवले. तासाच्या शेवटी मी एकेक कार्ड उघडलं. अठराही आतून कोरी होती. हीनाला जवळ घेऊन विचारलं, काहून गं, काहीच लिहिलं नाहीस?

तिने मान वर केली नाही.

"आत लिवलं का साहेब वाचते, मॅडम."