लुगड्याच्या तुकड्यावरची अंडी

बेळगुंदीच्या वाटेवर मारुतीरावाची गाडी सावकाश येताना दिसली, तेव्हाच रवळूला कळलं. बायकोला, नागुबाईला, दवाखान्यात नेताना याच मेहुण्यानं बैल पळवले होते. नागुबाई आता घोंगडीखाली होती.

दुसरी गोष्ट मारुतीरावानं राख सावडल्यावर सांगितली.

नागुबाई घरात रेशीमकिडे पाळायची. मागच्या खेपेला किड्यांच्या अंगावर मिरपूड पडावी तसे काळे ठिपके उठले आणि बरेचसे कोष न करताच मेले. शेजारच्या अंबुबाईचेही गेले. गाव म्हणालं, दृष्ट लागली. वाचलेल्या कोषांतून निघालेलं एक चांगलं पाखरू नागुबाईनं आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर बसवलं. अंडी घालून ते मेलं. मेलेलं पाखरू तिनं दवाखान्याला जाताना पदराच्या गाठीत बांधून बेळगावला नेलं. तिथले रेशमाचे साहेब तसलं पाखरू कुटून भिंगाच्या काचेतून तपासत आणि अंडी निरोगी की नाही ते सांगत.

"आधी तिकडं गाडी घ्यायला लावली," मारुतीराव म्हणाला. "अंगात ताप फणफणलेला. म्हटलं, आक्का, पैला दवाखाना. तर म्हणती, पाखराचं बघू दे. मी काय पळून जातीय व्हय?"

"काय निघालं?"

"रोग हाय, दाजी. दृष्ट न्हाय. आईच्या पोटातनंच अंड्यात उतरतोय. अंडं वरनं चांगलंच दिसतंय. साहेब म्हणाले, सगळं जाळा, न्हायतर शेजारचेबी किडे मरतील."

"तिला सांगितलंस?"

"निर्मळ हाय म्हणून सांगितलं. लई हसली. म्हणाली, आता किड्यांचं बी घरचंच. दाजींना सांग, फडकं चुलीजवळ ठेवू नका, उष्णता लागंल."

तिचं चांगलं लुगडं तिच्यासंगं गेलं होतं. बाकीची देऊन टाकली. हा तुकडा तेवढा राहिला. रवळूनं तो आतल्या खुंटीला, चुलीपासून लांब टांगला.

अंबुबाईनं नवे किडे आणले होते, आणि साहेबांचं सांगणं तिच्याही कानावर गेलं होतं. ती रोज कुडावरून विचारायची, "जाळलंस व्हय रं?"

"जाळतो, वैनी."

"माझंबी पोट हाय रं त्या किड्यांवर."

"व्हय."

एकदा ती स्वतःच आत आली. फडकं खुंटीवरून काढलं, चुलीपर्यंत नेलं. मग काठावरची नागुबाईची शिवण बघितली आणि ते परत खुंटीला लावून गेली.

थंडीनं अंडी उशिरा फुटणार होती, पण आता ती निळसर पडली. म्हणजे उद्या-परवा फुटणार. रवळूनं चूल पेटवली, भाकरी भाजली.

फडकं जाळायचं अजून राहिलं होतं.