उतरती फळी आणि शिडीवाली ताई

मित्रांनो, मी एक जुनी उतरती फळी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका! सुताराने मला उरल्यासुरल्या लाकडातून ठोकलं, वर खरखरीत रबर चिकटवलं आणि फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आणून दिलं. टाच माझ्या उंच कडेला, बोटं खाली, आणि एका पायावर सावकाश बसायचं. गुडघ्याच्या वाटीखाली स्नायू हाडाला बांधणारी जी दोरीसारखी कंडरा असते, ती त्याने बळकट होते. कितीतरी खेळाडूंनी मला शिव्या घातल्या आणि नंतर बरे झाल्यावर पेढ्यांचा नैवेद्यही दाखवला.

मग दुखऱ्या जागी ध्वनिलहरींचे धक्के देणारं महागडं यंत्र आलं. काय ते दिवे, काय तो आवाज! माझी रवानगी कपाटामागे झाली. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी अग्निशमन दलातली एक ताई गुडघ्याच्या त्याच दुखण्याने लंगडत आली. बारा आठवड्यांनी तिची शिडीची परीक्षा होती. नापास झाली, तर कायमची फोनच्या टेबलावर. डॉक्टरबाईंकडून यंत्राचा खर्च ऐकून ती खुर्चीत बसलीच. "बाई, स्वस्तात काही होईल का हो?"

"होईल. पण रोज घाम गाळावा लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि माझ्यावरची धूळ झटकली.

मी ताईच्या घरी गेले. चार आठवडे झाले, तरी दुखणं जैसे थे! ती मला घेऊन रडवेली होऊन परतली. बाईंनी मला निरखलं. पायाच्या बोटांचे ठसे माझ्या उंच कडेवर होते.

"अगं, तू उलटी उभी राहत होतीस! नुसती पोटरी ताणलीस, गुडघ्याला कामच दिलं नाहीस."

"अगंबाई! महिना फुकट घालवला की मी!"

"आठ आठवडे आहेत. दुखण्याला दहापैकी गुण देत जा. चारपर्यंत दुखलं तर चालेल, त्यापुढे थांबायचं."

ताईने मग जिद्दीने कंबर कसली. पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन ती रोज माझ्यावर बसायची, उठायची. तिचा घाम माझ्या रबरात मुरला.

परीक्षेच्या दिवशी मला काखेत घेऊन ती दवाखान्याचा जिना धावतच चढली. "बाई, पास!" अहाहा! बाईंनी वही उघडली. यंत्राचे धक्के घेतलेल्या एका खेळाडूलाही बारा आठवड्यांत तेवढाच आराम पडला होता, पण खर्च ताईच्या वीसपट. "दोनच माणसांवरून निकाल लावणार नाही," बाई म्हणाल्या, "पण यापुढे सुरुवात फळीपासून." एकेकाळची कपाटामागची मी थेट दारापाशी आले!

यंत्रावर माझा राग नाही, गरज पडली तर तेही आहेच. मित्रांनो, साध्या वस्तूला कमी लेखू नका, तिला नीट वापरा आणि धीर धरा. परवाच्या आगीत तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा अडकले होते. ताईने त्यांना पाठीवर घेतलं आणि शिडीची एकेक पायरी उतरत सुखरूप खाली आणलं.