मगनदादांची फळी

"दादा, तोंडात दातच नसले तर मालम काय करतो?"

रंजनाने उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं आणि सगळा वर्ग फिस्सकन फुटला. मागच्या बाकावर ज्योतीने तोंडात रुमाल कोंबला. पैज तिचीच होती: विचारून दाखव, वाफाळत्या लोचोची प्लेट माझ्याकडून.

टेबलापाशी सुरतेजवळच्या मगदल्ला बंदरावरचे म्हातारे मगनदादा तांडेल उभे होते. हातात तळहाताएवढी लाकडी फळी, फळीच्या मधोमध ओवलेली दोरी आणि दोरीची गाठ तोंडात. पूर्वीचा मालम, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा, अशी गाठ दातांत धरून दोरी ताणायचा. फळीची खालची कड समुद्राच्या रेषेवर, वरच्या कडेला ध्रुवतारा. प्रत्येक बंदराची गाठ वेगळी. आपल्या गाठीवर तारा बसला की बंदर समोर आलं म्हणायचं. ते सगळं दादांच्या आजोबांनी एका पोथीत लिहून ठेवलं होतं. कुठल्या किनाऱ्याला कुठली टेकडी दिसते, कुठे तळाचा चिखल काळा, कुठे पांढरा. दादा मोठ्या हौसेने दाखवत होते, पण गाठ हिरड्यांतून सारखी निसटत होती आणि लाळ सदऱ्यावर उतरली होती.

त्यांनी गाठ तोंडातून काढली. बाहीने हनुवटी पुसली.

"पछी, मग काय, किनाऱ्यावर बसायचं, बेटा," ते म्हणाले. "अने पोथी कोणाला तरी देऊन टाकायची."

वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी जरा कमी. दादांनी पोथी लाल फडक्यात बांधली, वर्गशिक्षिका सरलाबाईंशी दोन शब्द बोलले आणि निघून गेले. रंजना ऐटीत खाली बसली. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही तिचा आवाज फुटत नसे. वक्तृत्वात पहिली आल्यापासून तिला आवरावं लागे.

मधल्या सुट्टीत सरलाबाईंनी तिला बोलावलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ते तुझ्यासाठी आले होते," बाई म्हणाल्या.

शाळेच्या प्रदर्शनाच्या दिवशी व्हरांड्यातल्या भित्तिपत्रकापुढे दादा बराच वेळ उभे होते म्हणे. अर्धं मराठी, अर्धं गुजराती, सगळं रंजनाच्या सुवाच्य अक्षरातलं. पोथीची शाई कागद खात चालली होती, त्यांची नजर मंदावली होती, मुलं समुद्र सोडून हिरे घासायला लागली होती. पावसाळ्याआधी कोणीतरी ती नव्या वहीत उतरवून द्यावी, इतकंच त्यांना हवं होतं. दाखवून झालं की तिला विचारणार होते.

"तू कोण ते दाखवायला मी हात करणार, तेवढ्यात तूच उभी राहिलीस. जाताना म्हणाले, रहेवा दो, राहू दे."

टेबलावर फळी तशीच राहिली होती. पोहोचवते, असं रंजना म्हणाली, ते बाईंना जेमतेम ऐकू गेलं. ज्योतीने आणलेला लोचो तिने हातातही घेतला नाही.

संध्याकाळी घरी, लिंबायतच्या खोलीत तिने दोरी उलगडली. एक गाठ बाकीच्यांपेक्षा काळी, चावून चावून चपटी झालेली. दातांचे खळगे बोटाला लागत होते. ती घरच्या बंदराची, सुरतेची असणार. रंजनाने ती तोंडापर्यंत नेली आणि तशीच खाली घेतली.

माय ट्रंकेतल्या साड्या काढून गावी पारोळ्याला न्यायच्या आणि ठेवायच्या अशा वेगळ्या करत होती. आबा पाळीवरून येऊन भिंतीला टेकले होते. कारखान्यातल्या पॉवरलूमच्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू येई, म्हणून या घरात सगळेच ओरडून बोलत.

"मी मे महिन्यात गावी येत नाही," रंजना म्हणाली.

"कसाले व?" कारण विचारताना मायचे हात थांबले. सुरतेत प्लेग आला त्या वर्षी गाव गाव करून कोण रडत होतं, हे तिने लगेच काढलं.

"मगदल्ल्याला जाणार आहे. रोज. एक पोथी उतरवायचीय."

आबांनी कानामागे हात धरला. मायने ओरडून सांगितलं. ते हसले; पोरीला आता मोठमोठे लोक बोलावतात, असं काहीतरी म्हणाले आणि कोणी बोलावलं ते विचारलं.

रंजनाने आवाज चढवला नाही. ती उठून त्यांच्याजवळ गेली, गुडघे मोडून बसली. फळी अजून तिच्या मुठीत होती.

"कोणी नाही बोलावलं, आबा," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "कदाचित दारातूनच परत पाठवतील. तरी जाणार आहे."