डोक्यामागचा हात

अजामेच्या बाजारातल्या निम्म्या पार्लरांच्या दारावर एडेम पेंटरने रंगवलेल्या बायका होत्या. लोमेहून आबिजानला आलेला हा टोगोचा माणूस एकेका फळीवर दहा-दहा डोकी काढायचा, प्रत्येकीची केशरचना वेगळी. गिऱ्हाईक फळीवर बोट ठेवायचं आणि खुर्चीत बसायचं. बोट ठेवलेली वेणी घालता आली नाही, तर पार्लरवालीची बाजारभर शोभा.

पार्लरवाल्या अमोइनच्या नव्या फळीवरची शेवटची बाई सगळ्यांत देखणी होती. कपाळापासून वर चढलेल्या वेण्या, माथ्यावर टोपलीएवढा अंबाडा आणि एक हात डोक्यामागे. "काय तोरा आहे हिचा!" म्हणून लोक हसायचे. ती कोण, हे एडेमने कोणाला सांगितलं नव्हतं. ती त्याची बायको होती, अकोफा. अकरा वर्षांपूर्वी तो आबिजानला निघाला तेव्हा लोमेच्या बसतळावर कडेवर भावाचं पोर घेऊन ती अशीच उभी होती. बस सुटली, सगळ्या बायकांनी हात हलवले, हिने डोक्यामागचा हात काही काढला नाही. ते त्याच्या मनाला फार लागलं. आधी रुसून त्याने फोन केला नाही, मग लाजून. गडी अगदीच खुळा होता, पण दुखलं होतं ते खरंच.

"ए टोगो! आधी इकडे ये!" अमोइन दारातून ओरडली. "हे काय काढून ठेवलंयस?"

खुर्चीत नाफी बसली होती. उद्या तिचा निकाह, आणि बाईने नेमकं त्याच शेवटच्या डोक्यावर बोट ठेवलं होतं. पुढच्या वेण्या झाल्या होत्या. अंबाडा मात्र बांधला की घसरून मानेवर यायचा.

"मागे कशात अडकवायचा हा? मागून कसा होता?"

"मागून मी पाहिलाच नाही."

"न बघता रंगवलास? कोणाच्या डोक्यावर होता?"

"बायकोच्या."

हातातल्या वेण्या सोडून पार्लरमधल्या सगळ्याजणी बघत राहिल्या. याला बायको आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

"मावशी, मी आता अर्ध्या डोक्याने लग्नाला उभी राहू का?" नाफी रडकुंडीला आली.

अमोइनने आपला मोबाइल पुढे केला. "विचार तिला."

"अकरा वर्षांनी? हे विचारू?"

"दुसरं काही सुचलं असतं तर एवढ्या वर्षांत विचारलं असतंस."

लोमेतल्या आतेभावाने दिलेला तिचा नंबर एडेमला पाठ होता. इतक्या वेळा लावता लावता ठेवून दिला होता. या वेळी त्याने लावला.

"अकोफा? मी एडेम."

पलीकडे बाजाराचा गलका होता.

"जिवंत आहेस म्हणायचा," ती म्हणाली. "बोल."

माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते असं: "त्या दिवशी तुझा अंबाडा मागे कशात अडकवला होतास?"

अकोफा हसत सुटली. "अडकवला कुठे होता, वेड्या? डोकं अर्धंच झालं होतं तेवढ्यात बसचा भोंगा वाजला. तशीच धावले. मागचे केस पार मोकळे, अंबाडा हाताने धरलेला. हात काढला असता तर सगळं कोसळलं असतं. जाताना तुझ्या डोळ्यांसमोर मी नीट दिसायला हवी होते."

एडेमने फळीवरच्या त्या हातावर बोट ठेवलं.

"काय म्हणते ती?" अमोइन खेकसली. तिला त्यांची भाषा कुठून कळणार!

"अडकवलाच नव्हता म्हणते. हाताने धरला होता. माझ्यासाठी." त्याने बाहीने डोळे पुसले.

अमोइनने नाफीच्या मागच्या केसांच्या दोन जाड वेण्या घातल्या, अंबाड्याखालून ओढून घेतल्या आणि करकचून बांधल्या. नाफीने मान हलवून पाहिली. अंबाडा जागचा हलला नाही.

"उद्यापासून गिऱ्हाइकं मागची बाजूही विचारणार," अमोइन म्हणाली. "फळीवर काढून दे."

"लग्नाला निघालेल्या पोरीची काढू?"

"छट्! जिची पुढची बाजू, तिचीच मागची. आणि न बघता काढलीस तर बघ."

एडेमने फोन परत कानाला लावला. फोन अजून चालूच होता. "पार्लरवाली म्हणते, तुला मागून बघून यायला हवं," तो चाचरत म्हणाला. "येऊ?"

"ये," अकोफा म्हणाली. "पण निघताना कळव. या वेळी मागच्या वेण्यासुद्धा घालून ठेवते."